नो बस

पहिल्यांदा झालं ते मेसाबा अव्हेन्यूच्या उतारावर.
चारही काटे एकदम आडवे.
वेग शून्य, पेट्रोल शून्य, इंजिनाचा ताप शून्य,
आणि गाडी तर चाळिसाने खाली चाललेली, समोर सगळं गोठलेलं सरोवर.
मैलांच्या आकड्यांच्या जागी हिरवी अक्षरं:
नो बस.

मी हसले. एकटीच, सिग्नल हिरवा होईपर्यंत.
सव्वीस वर्षं डुलुथच्या चढांवर चौदा नंबरची स्कूलबस चालवून
गेल्या जूनमध्ये किल्ल्या परत केल्या होत्या.
केक होता. केकवर व्हर्ना लिहिताना एक अक्षर खाल्लं होतं.
आणि आता ही वीस वर्षांची मिनीव्हॅन मला सांगते,
बाई, बस नाही.

डॅशबोर्डवर थाप मारली, मीटरच्या जरा वर,
ठसका लागलेल्या पोराच्या पाठीवर मारतात तशी.
काटे उठले.
पुढच्या खड्ड्याला परत झोपले.
महिनाभर हेच. वेग विजेच्या खांबांवरून मोजायचा,
ताप हीटरच्या वाऱ्यात हात धरून,
पेट्रोल देवाच्या भरवशावर.

डीलरने कॉम्प्युटर जोडला, ओठ मुडपले,
अख्खा संच बदलू म्हणाला, आठशे डॉलर.
गाडी विकली तर नऊशे येतील.
घरी विचारते, मी म्हटलं.
घरी मांजर.
त्याला विचारलं.

मार्चचा शनिवार, बाहेर उणे आठ,
गॅरेजमध्ये रॉकेलचा हीटर भुरभुरतोय.
बॅटरीची तार काढली. स्टिअरिंग पार खाली केलं.
प्लास्टिकची चौकट ओढताना कडकन आवाज आला
आणि माझ्याच बरगडीत काही मोडलं असं वाटलं.
मोडलं नव्हतं. खटका होता.
चार स्क्रू, आणि मीटर हातात:
समोरून एवढा तोरा, मागून एक हिरवी पट्टी.

टॉर्च धरायला शेजारची मार्नी.
बारा वर्षांची. माझ्या बसमध्ये तिसरी सीट, खिडकीकडची.
भिंगाखाली तेरा पिना, आणि प्रत्येकीच्या बुडाशी
कपाच्या कानाला जाते तशी चीर,
बारीक, गोल, घर करून बसलेली.
वीस हिवाळे आखडायचं, वीस उन्हाळे सैलावायचं,
डाख तरी किती धरून ठेवणार?

तापलेलं टोक टेकवलं. राळेचा धूर.
जुना डाख क्षणभर चकाकला, पाण्यासारखा हलला,
पिनेला बिलगला आणि मंद झाला.
एक. दोन. तीन.
चौथ्याला बोट भाजलं आणि तोंडातून जे निघालं
ते मी बसमध्ये कुणालाही बोलू दिलं नसतं.

मार्नी हसली नाही.
टॉर्च न हलवता म्हणाली,
नवा ड्रायव्हर थांबत नाही.
धावत येताना दिसलं तरी.
आरशात बघतो. बघतो आणि जातो.

तिला काय सांगायचं मला सुचलं नाही.
पाचवी, मी म्हटलं. उजेड जरा डावीकडे.

तेराही झाल्या. सगळं परत बसवलं.
एक स्क्रू उरला, तो कोटाच्या खिशात टाकला,
तिथे आणखी दोन होते, कुठले कोण जाणे.
बटण दाबून धरलं, किल्ली फिरवली,
आणि चारही काटे शेवटपर्यंत चढले,
टेकले, उतरले,
आपापल्या खऱ्या जागी थांबले.
पेट्रोलचा काटा लालमध्ये. महिनाभर मी
अर्धी टाकी आहे असं धरून चालले होते.
अक्षरं गेली होती. एक लाख सत्त्याऐंशी हजार चारशे बारा.

दार आपट, मी मार्नीला म्हटलं.
बघू पडतात का.
तिने आपटलं. काटे हलले नाहीत.
अजून जोरात.
तिने दोन्ही हातांनी आपटलं, अख्खी गाडी हादरली,
फळीवरचा रंगाचा डबा खाली आला.
काटे जागच्या जागी.
बस, झालं, मी म्हटलं. पक्कं झालं.

तिने आणखी एकदा आपटलं.